झोळी : अर्थ दुसरा

गंभीरबाईंचा रजेचा अर्ज तिसऱ्यांदा परत आला, तेव्हा त्यावर पुन्हा लाल शाई होती.

पहिल्या वेळी लाल वर्तुळ 'ऑपरेशन' या शब्दाभोवती होतं आणि शेजारी साहेबांच्या बारीक अक्षरात शेरा होता, 'परका शब्द. पर्याय द्यावा.' बाईंनी 'शस्त्रक्रिया' लिहिलं. दुसऱ्या वेळी वर्तुळ नव्हतं, नुसता प्रश्न होता, 'कसली?' आठवड्याहून मोठी रजा असेल तर कारण स्पष्ट लिहायचं, असा कचेरीचा नियम होता. नियम साहेबांनीच केलेला, त्यामुळे त्यात पळवाट नव्हती. बाईंनी जिवावर उदार होऊन 'स्लिंग बसवण्याची शस्त्रक्रिया' असं लिहिलं आणि डोळे मिटून अर्ज आत पाठवला. आता वर्तुळ 'स्लिंग'भोवती होतं.

कचेरी शब्दकोशाची होती. परक्या भाषांतून घुसलेले शब्द धरायचे, त्यांच्या जागी आपले शब्द बसवायचे आणि जाडजूड खंडांत त्यांची नोंद करायची, हे काम तिथे बावीस वर्षं चाललं होतं. मुख्य संपादकांना सगळे पर्यायसाहेब म्हणत, अर्थात पाठीमागे. माणूस मनाने मऊ, पण शब्दाच्या बाबतीत सख्ख्या भावाला सोडणार नाही असा. एकदा कचेरीला आग लागता लागता वाचली, तेव्हा 'फायर ब्रिगेडला फोन करा' असं ओरडणाऱ्या टंकलेखकाला त्यांनी आधी दुरुस्त केलं आणि मग अग्निशामक दलाला कळवलं.

बाईंनी कपाटातून सातवा खंड काढला. 'स्लिंग : दुखावलेल्या हाताला आधार म्हणून गळ्यात अडकवायची झोळी.' अर्थ एवढा एकच. नोंदीखाली नोंद करणाऱ्याची आद्याक्षरं होती आणि ती बाईंचीच होती. अकरा वर्षांपूर्वी त्यांना यापलीकडचा अर्थ ठाऊक असण्याचं काही कारण नव्हतं. आपलाच शब्द आपल्याला नडावा, याला कोणाला बोल लावणार? त्यांनी चौथा अर्ज लिहिला, 'झोळी बसवण्याच्या शस्त्रक्रियेसाठी रजा मिळावी.'

या वेळी अर्ज परत आला नाही. साहेबच बाहेर आले.

"बाई, हात मोडलाय आणि तुम्ही बोलला नाहीत?"

बाईंच्या दोन्ही हातांत चार किलोंचा सातवा खंड होता. तो त्यांनी हळूच खाली ठेवला. साहेबांनी हाताकडे पाहिलं आणि निदानही स्वतःच करून टाकलं. हाडाला बारीक चीर गेली असणार, ती वरून दिसत नाही, त्यांच्या मेव्हण्याचंही असंच झालं होतं. मग पडलात कुठे, असं त्यांनी विचारलं. खरं सांगायला चार वाक्यं लागली असती आणि त्यातली तीन बाईंना साहेबांपुढे उच्चारता आली नसती. खोटं एका शब्दात भागत होतं.

"जिन्यात," बाई म्हणाल्या.

खरं होतं ते असं. धाकटी मुलगी झाल्यापासून, म्हणजे गेली नऊ वर्षं, बाई हसल्या की लघवीचे चार थेंब सुटत. शिंकल्या, खोकल्या, बस पकडायला धावल्या, तरी तेच. पुढे पुढे चाराचे चाळीस झाले. शिंक सांगून येत नाही, खोकला आपल्या हातात नाही. हसणं तेवढं आपल्या हातात, म्हणून बाईंनी तेच बंद केलं. एके काळी ज्यांचं हसू तीन घरं पलीकडे ऐकू जायचं, त्या बाई कोणी विनोद सांगू लागलं की काम आठवल्यासारख्या उठून जाऊ लागल्या. कचेरीत त्यांचं नाव गंभीरबाई पडलं आणि नव्या लोकांना तर त्या जन्मापासूनच तशा आहेत असं वाटू लागलं.

घरी याचा फटका बसला तो नवऱ्याला. तो मोटार चालवायला शिकवायचा. रोज एखादा शिकाऊ काहीतरी गंमत करून ठेवायचा आणि ती संध्याकाळी तिखटमीठ लावून बायकोला सांगायची, हा त्याचा दिवसातला सगळ्यात आवडता भाग. बायको हसेना, तेव्हा त्याने आधी मीठ वाढवलं, मग तिखट वाढवलं आणि शेवटी सांगणंच सोडलं. ही आपल्याला कंटाळली, असं त्याने मनाशी धरलं होतं. डॉक्टरकडे पहिल्यांदा जायच्या आदल्या संध्याकाळी बाईंनी त्याला सगळं सांगितलं. त्याचे डोळे भरून आले होते.

"म्हणजे नऊ वर्षं माझे विनोद वाईट नव्हते?"

"तसं मी म्हटलं नाही," बाई म्हणाल्या.

डॉक्टरीणबाई मोकळ्या स्वभावाच्या होत्या. माझ्या एकटीलाच हे आहे, असं सांगणाऱ्या बाया आपल्याकडे आठवड्याला डझनभर येतात, असं त्यांनी सांगितलं, तेव्हाच बाईंचं निम्मं दुखणं हलकं झालं. आधी तीन महिने ओटीपोटाच्या तळच्या स्नायूंचे व्यायाम झाले. चाळिसाचे तीस झाले, पण तिथेच अडले. मग तपासण्या झाल्या, मुद्दाम खोकायला लावून पाहिलं गेलं आणि डॉक्टरीणबाईंनी स्लिंगचं सुचवलं.

"कपड्यांची दोरी सैल पडली की मधोमध काठीचा टेकू देतो ना आपण? तसंच हे. मूत्रमार्गाखाली जाळीची बारीक पट्टी बसवायची. एरवी ती नुसती पडून असते. शिंक आली, दाब पडला, की मार्ग तिच्यावर टेकतो आणि मिटतो."

सगळ्यांनाच ती मानवते असं नाही, कोणाला लघवी अडते, कोणाला पट्टी टोचते, क्वचित काढावीही लागते, हेही त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं. बाईंनी चार दिवस विचार केला आणि होकार दिला. अर्ध्या तासाचं काम होतं. दुसऱ्या दिवशी लघवी नीट होतेय ना ते पाहून डॉक्टरीणबाईंनी त्यांना घरी सोडलं. सहा आठवडे जड उचलायचं नाही, अशी ताकीद मिळाली.

दोन आठवड्यांची रजा संपत आली तसा बाईंना मोडलेला हात आठवला.

नवऱ्याने या कामी फार उत्साह दाखवला. शिकवणीच्या गाडीतल्या प्रथमोपचाराच्या पेटीतून त्याने तिकोनी कापड आणलं आणि बाईंचा डावा हात असा झोकात बांधला की खुद्द बाईंना तो दुखल्यासारखा वाटला. कचेरीत जो तो धावून आला. बाईंना एकही खंड उचलू दिला नाही. कपाटातून काढून द्यायला एक, पान उलटायला दुसरा. डॉक्टरीणबाईंची ताकीद आपोआप पाळली जात होती. खोटी झोळी खऱ्या झोळीची काळजी घेत होती म्हणायची.

दुसऱ्या दिवशी नवरा भल्या सकाळी कामावर गेला. बाईंनी आरशात बघून स्वतःच हात बांधला आणि कचेरीत येऊन बसल्या. लेखणी उचलायला गेल्या, तेव्हा त्यांना कळलं की उजवा हात गळ्यात आहे.

समोर काकपदताई बसलेल्या होत्या. काकपद म्हणजे सुटलेला शब्द घालायची खूण. मुद्रितं तपासणाऱ्या या ताईंच्या नजरेतून आजवर एक वेलांटी निसटली नव्हती.

"बाई," काकपदताई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "कालच्या प्रतीत डावा होता."

"मुद्रणदोष," बाई म्हणाल्या आणि आत जाऊन हात बदलून आल्या. काकपदताईंनी मनातल्या समासात एक खूण करून ठेवली.

इकडे साहेबांनी जिना मनावर घेतला होता. आपल्या कचेरीच्या जिन्याने एका कर्तबगार बाईचा हात घेतला, हे त्यांना रात्रंदिवस खात होतं. त्यांनी स्वतः पट्टी घेऊन बावीसच्या बावीस पायऱ्यांची उंची मोजली. नवा कठडा बसवून घेतला आणि पायऱ्यांवर रबराच्या चटया घालायचं ठरवलं. तिथे काम तीन दिवस अडलं, कारण सूचनाफलकावर 'रबर' लिहायला साहेब तयार नव्हते. बैठक बसली, वाद झाले आणि शेवटी फलक लागला, 'जिन्यावर लवचिका बसवली आहे. सावकाश उतरा.' टपालवाला पुढचा आठवडाभर विचारत होता की या लवचिकाबाई कोण आणि त्यांना जिन्यावर का बसवलंय.

बाईंना हे सगळं बघून मेल्याहून मेल्यासारखं होत होतं. साहेब रोज सकाळी हाताची विचारपूस करायचे आणि बाई मान खाली घालून 'बरा आहे' म्हणायच्या. आणखी एक गोष्ट त्यांना आतून पोखरत होती. घरी एखाददुसरी शिंक भिंतीला धरून पार पडली होती, पण हसून पाहायचं धाडस त्यांना अजून झालेलं नव्हतं. ज्या हसण्यासाठी एवढा खटाटोप केला तेच परत आलं नाही तर? नऊ वर्षं दाबून धरलेलं हसू जागेवर उरलं आहे की नाही, तेच त्यांना कळेना.

पाचव्या आठवड्यात बाई जुन्या नोंदींच्या खोलीत गेल्या होत्या. मदतीला काकपदताई होत्या आणि दुपारची सुट्टी म्हणून कचेरीचे फोन घेणाऱ्या फोनवाल्या ताईही गप्पा मारत उभ्या होत्या. काकपदताईंनी वरच्या फळीवरचा गठ्ठा ओढला आणि बावीस वर्षांची धूळ एकदम बाईंच्या नाकात गेली.

बाईंनी सवयीने पाय आवळले आणि डोळे मिटले. शिंक आली. त्यांनी अंदाज घेतला. काही नाही. दुसरी आली, तिसरी आली, मग एकामागून एक अशा सात आल्या. बाई कोरड्या ठणठणीत होत्या. त्या क्षणी जगात दुसरं कोणी आहे याचं भान त्यांना राहिलं नाही. त्यांनी दोन्ही हात वर केले आणि जागच्या जागी गिरकी घेतली. गळ्यातलं तिकोनी कापड उडून काकपदताईंच्या डोक्यावर पडलं.

काकपदताईंनी कापड काढून त्याची नीट घडी घातली.

"प्रत तर स्वच्छ दिसतेय," त्या म्हणाल्या. "आता सुटलेलं काय ते सांगा."

बाईंनी दार लावून घेतलं आणि सगळं सांगितलं. बाईंना वाटलं, या आता तोंडाला पदर लावून बाहेर पळणार. पण पहिल्यांदा बोलल्या त्या फोनवाल्या ताई. शिंक आली की आपण फोनवरच्या माणसाला 'जरा थांबा' म्हणतो, ते ओळ जोडण्यासाठी नसतं, असं त्या हळूच म्हणाल्या. काकपदताई खाली बघत होत्या. कचेरीत आपण दाराजवळची खुर्ची का सोडत नाही, हे कधी कोणी विचारलं नाही, असं त्या म्हणाल्या. तिघींनी एकमेकींकडे पाहिलं. इतकी वर्षं एका खोलीत बसून तिघीजणी एकच गोष्ट एकमेकींपासून लपवत होत्या.

डॉक्टरीणबाईंनी दोघींनाही आधी व्यायाम दिले. फोनवाल्या ताईंना तेवढ्यानेच गुण आला. खुर्चीवर बसल्या बसल्या कोणाला न कळता करता येतात म्हणून त्या खूश होत्या. घंटी वाजली की फोन उचलायचा आणि स्नायूही उचलायचे, असा त्यांचा नेम झाला. काकपदताईंचं मात्र व्यायामाने भागलं नाही. चार महिन्यांनी त्यांनी रजेचा अर्ज दिला, 'झोळी बसवण्याच्या शस्त्रक्रियेसाठी.' काना, मात्रा, वेलांटी सगळं बिनचूक. अर्ज पहिल्या फेरीत मंजूर झाला.

पण साहेब हादरले. नवा कठडा, लवचिका, फलक, एवढं करून दुसरा हात मोडला. आता जिन्याचा दोष उरला नव्हता, म्हणजे दोष उतरणाऱ्यांचा. साहेबांनी सगळ्यांना जिन्यापाशी बोलावलं. पाऊल कसं टाकायचं, भार कुठे द्यायचा, कठडा कुठे धरायचा, याचं प्रात्यक्षिक ते स्वतः करून दाखवणार होते. वर उभं राहून त्यांनी पाच मिनिटं भाषण केलं, 'हे असं' म्हणून पाऊल उचललं आणि तिसऱ्या पायरीवर लवचिकेच्या वर आलेल्या कडेत बूट अडकून थेट खाली आले.

आठवड्याने साहेब कामावर आले तेव्हा उजव्या हाताला प्लास्टर होतं. गंभीरबाई, रजा संपवून आलेल्या काकपदताई आणि फोनवाल्या ताई, तिघी काळजीने त्यांच्या खोलीत गेल्या. विचारपूस तिघींना मनापासून करायची होती. साहेब खुर्चीत सावरून बसले आणि सुस्कारा सोडून म्हणाले,

"काय सांगू बाई. शेवटी मलाही झोळी बसवली."

फोनवाल्या ताईंनी ओठ चावले. काकपदताई खिडकीबाहेर बघू लागल्या. बाईंनी जमिनीकडे पाहिलं, छताकडे पाहिलं, सातव्या खंडाकडे पाहिलं, पण पोटातून जे वर येत होतं ते नऊ वर्षांचं होतं आणि ते थांबणारं नव्हतं. बाई हसल्या. आधी नुसता हुंदक्यासारखा आवाज आला, मग खांदे हलले, मग त्या टेबलाला धरून वाकल्या आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. पाणी फक्त डोळ्यांतूनच आलं. ते लक्षात येताच त्या आणखी जोरात हसल्या. बाहेरची माणसं दारात गोळा झाली. गंभीरबाईंना हसताना नऊ वर्षांत कोणीच पाहिलेलं नव्हतं.

साहेब दुखावले.

"माणूस मोडक्या हाताने कामावर येतो आणि तुम्ही हसता?"

बाईंनी डोळे पुसले. दारातल्या लोकांना बाहेर घालवून त्यांनी दार लोटलं. आता लपवण्यात अर्थ नव्हता आणि खरं म्हणजे त्यांना लपवायचंही नव्हतं.

"साहेब, आमचे हात कधी मोडलेच नव्हते," असं म्हणून त्यांनी ती चारही वाक्यं सांगितली, उच्चारता न येणाऱ्या तिन्हींसकट. साहेबांचा चेहरा त्यांच्या शाईइतका लाल झाला. ते बराच वेळ समोरचा सातवा खंड डाव्या हाताने चाळत राहिले.

"आपल्या कोशात या शब्दाचा एकच अर्थ आहे," शेवटी ते म्हणाले.

"हो साहेब. नोंद माझीच आहे."

"तपासली मी होती. म्हणजे चूक कोशाची. आणि पर्यायाने माझी." त्यांनी कोरा कागद पुढे सरकवला. "लिहा. अर्थ दुसरा."

बाईंनी लिहिलं, '२. हसताना, शिंकताना वा खोकताना लघवी आवरत नसल्यास स्त्रीच्या मूत्रमार्गाखाली शस्त्रक्रियेने बसवतात ती आधारपट्टी.' नियमाप्रमाणे उदाहरण द्यावं लागतं, म्हणून पुढे लिहिलं, 'झोळी बसवल्यापासून बाई मोठ्याने हसू लागल्या.' साहेबांनी डाव्या हाताने 'मोठ्याने' खोडलं आणि वर 'पोटभर' लिहिलं.

तिघी निघाल्या तेव्हा साहेबांनी बाईंना थांबवलं. ते कागदाकडे बघत बोलत होते. आमच्या घरातून नाटकाला यायला चार वर्षं नकार येतोय, ते म्हणाले. विनोदी असेल तर मुळीच नको म्हणतात. मला वाटायचं, माझ्याबरोबर यायचं नसेल. बाईंनी काही न विचारता डॉक्टरीणबाईंचा पत्ता लिहून दिला. पत्त्यात 'हॉस्पिटल' असा शब्द होता. साहेबांनी तो वाचला, लाल लेखणीचं टोपण लावलं आणि कागद जपून खिशात ठेवला.

त्या संध्याकाळी बाई घरी आल्या आणि नवऱ्याला समोर बसवून म्हणाल्या, "सांगा एखादी. नऊ वर्षं साठवून ठेवलेली."

नवरा खुलला. घसा साफ करून त्याने आपली सगळ्यात लाडकी गोष्ट काढली. एका शिकाऊला त्याने म्हटलं होतं, आरशात बघ आणि मागे घे. तर त्या बहाद्दराने आरशात बघितलं, खिशातून कंगवा काढला आणि केस मागे घेतले. एवढं सांगून नवरा वाट बघत थांबला. बाई शांतपणे त्याच्याकडे बघत होत्या.

"हसली नाहीस?" त्याचा चेहरा उतरला. "अजून त्रास होतो का गं?"

"नाही हो. आता मला हसता येतं, म्हणून सांगते. विनोद खरंच वाईट आहे."

नवऱ्याचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. त्या तोंडाकडे बघून बाईंना जे हसू फुटलं ते तीन घरं पलीकडे ऐकू गेलं. नवऱ्याने आधी रागावायचा प्रयत्न केला, पण तोही हसू लागला. दोघं एकमेकांना टाळ्या देत हसत असताना धाकटी आतून धावत आली. तिने जन्मात आईचा हा आवाज ऐकला नव्हता.

"बाबा, आईला काय झालं?"

बाईंनी तिला जवळ ओढलं आणि एक क्षण थांबून अंदाज घेतला.

"काही नाही झालं गं," त्या म्हणाल्या. "काही म्हणजे काहीच नाही झालं."